मामींच्या चवीचा रकाना

विहिरीचं पाणी आणि साध्या मजकुराची, कुठेही उघडणारी फाइल, जगात या दोनच गोष्टींवर विश्वास ठेवावा असं मानणारा माणूस साऱ्या वसईत एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा हे माझं नशीब. नंदाखालला त्यांची नारळी-केळीची वाडी. नोकरी मुंबईच्या एका कचेरीत, संगणकावर. कुणाकडेही गेले की चहा नंतर, आधी पाणी. आमच्या माणिकपूरच्या फ्लॅटवर पहिल्यांदा आले तेव्हा नळाच्या पाण्याचा पेला नाकाशी धरून गंभीरपणे म्हणाले, “याला गाव नाही.” एका विषयात दुसरा मिसळलेला त्यांना खपत नाही. “केळीचं झालं. रेघ. आता तुझ्या गुडघ्याचं सांग,” असं म्हणत ते बोटाने हवेत उभी रेघ ओढतात. आमच्या साखरपुड्यात मानपानावरून आवाज चढले, तेव्हा मामांनी उठून अशी काही रेघ ओढली की आमच्याकडची माणसं निमूट जेवायला बसली.

दर रविवारी मामा-मामी गावातल्या विहिरी आणि बावखलं, म्हणजे वाड्यांमधली गोड्या पाण्याची तळी, पाहत फिरायचे. समुद्र हाकेच्या अंतरावर. गोडं पाणी कधी खारट होईल याचा नेम नाही. मामा दोरी सोडून खोली मोजत आणि मामी ओंजळभर पाणी तोंडात घेऊन चव सांगत. “माझी जीभ तंबाखूने गेली, हिची शाबूत आहे,” असं मामा अभिमानाने सांगत. मामी जे बोलतील ते शब्दन् शब्द संगणकात जाई. तो प्रोग्राम मामांनी स्वतः लिहिलेला, साध्या मजकुराचा नाद लागण्याआधीचा, त्या एका जुन्या संगणकाखेरीज कुठेही न चालणारा. मामी गेल्या. मामा एकटे फिरत राहिले, खोली लिहीत राहिले, चवीचा रकाना तेवढा रिकामा राहू लागला.

यंदा तो संगणक चालता चालता बंद पडू लागला आणि दुरुस्तीवाल्याने हात टेकले. मामांचा फोन आला. “जावईबुवा, या. सगळं साध्या मजकुरात काढून घेऊ. हा गेला तर हीसुद्धा गेली समजा.” आम्ही दोघं गेलो. मामा आंघोळ करून, पंखा बंद करून, सत्यनारायणाला बसावं तसे बसले होते. काम तसं सोपं होतं. एका नोंदीची एक ओळ, आणि दोन रकान्यांच्या मधे एक खूण. मामा उभ्या रेघेचा आग्रह धरत होते, पण सगळं जग स्वल्पविराम घालतं म्हणून मीही तोच घातला. फाइल माझ्या लॅपटॉपवर उघडली, तर पाण्याची खोली निघाली ‘शेवाळ आलंय’. मामी बोलायच्या एका दमात: “गोड, पण मागच्यासारखं नाही, शेवाळ आलंय, गाळ काढा मेल्यांनो.” त्यांच्या प्रत्येक स्वल्पविरामापाशी नवा रकाना सुरू झाला होता. मामांनी पडद्यावरच्या त्या ओळीवरून बोट फिरवलं. “ही आयुष्यात कधी एका रकान्यात मावली नाही,” ते म्हणाले.

मग मी स्वल्पविराम काढून रेघ घातली. संगणक मधेच मान टाकायला लागला, तेव्हा मामांनी त्याला देव्हाऱ्यातला अंगारा लावला. मला हसू आलं नाही, मीही हात जोडले होते. शेवटी सगळ्या नोंदी आल्या, मामींच्या शिव्यांसकट. शेवटच्या ओळींत मात्र दोन रेघांच्या मधे काहीच नव्हतं.

“मामा, इथून पुढे हा रकाना काढून टाकू या का? रिकामाच आहे.”

“नको हो. जागा रिकामी असली तरी दोन्हीकडे रेघ लागते. नाहीतर पुढचा सरकून तिच्या जागी बसतो.”

माझी बायको उठून मागच्या विहिरीवर गेली. भरलेली कळशी दारात ठेवून ती ओंजळीने पाणी प्यायली. “मामा, गोड आहे. पण मामी म्हणायची तेवढं नाही.”

मी घाईघाईने आजच्या तारखेची ओळ जोडली आणि चवीच्या रिकाम्या जागेत लिहायला गेलो, तर मामांनी माझं मनगट धरलं.

“तिथं नको. शेवटी नवीन रकाना करा. त्यावर या पोरीचं नाव घाला.”

मी रकाना केला, नाव घातलं. काम संपलं होतं. सवयीने मामांचं बोट वर गेलं, पण रेघ काही ओढली गेली नाही. हात खाली आला, आणि तोच त्यांनी माझ्या बायकोपुढे पसरला.

“मलापण दे गो, ओंजळभर.”