उलटे वाळणारे टी-शर्ट

डिसेंबर आला की रॉक संगीत संपलं असं कुणीतरी लिहितंच. यंदाचा तसा लेख वाचत असताना समोरच्या गॅलरीत वंदनाताई काळे टी-शर्ट वाळत घालत होत्या. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्या हेवी मेटलचा कार्यक्रम सहसा चुकवत नाहीत, आणि प्रत्येक कार्यक्रमाहून एक टी-शर्ट आणतात. त्यांवर छापलेली कवट्यांची चित्रं उन्हाने उडू नयेत म्हणून ते नेहमी उलटे वाळवतात.

मला या संगीताचा थाट झेपत नाही. धूर, आगीचे लोळ, आणि पुन्हापुन्हा निघणारे निरोपाचे दौरे. यंदा मात्र त्यांचा एक लाडका म्हातारा गायक निरोपाचा कार्यक्रम करून खरोखरच गेला. त्या दोरीवर त्याचाही टी-शर्ट होता. तो पुन्हा मिळणार नव्हता.

खालून सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "ताई, आज पूजा आहे. कवट्या तेवढ्या आत घ्या."

"आतल्या बाजूलाच आहेत, भाऊ. तुम्हाला दिसल्या कशा?"

"आहेत हे सगळ्यांना माहीत आहे ना."

"मग लपवून काय उपयोग?" असं म्हणत त्यांनी एकेक टी-शर्ट सुलटा केला. शेवटी त्या गायकाचा हातात घेतला.

"तो राहू द्या," मी म्हणालो. "चित्र फिकं पडेल."

"पडू दे. तो काय भिंतीकडे तोंड करून गायला होता?"

दुपारभर कवट्या उन्हात दात काढून हसत होत्या. तो लेख मी पुढे वाचला नाही.