दफ्तरखान्यातली मोडी

कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवल्या की धुळ्याचा दफ्तरखाना आठवतो. शाळेची सहल तिथे जाणार, मोडी वाचणाऱ्या मुलांना तिथले साहेब पुढे बोलावणार, म्हणून माझ्या आजोबांनी, आबांनी, मला आणि माझी मैत्रीण सुनंदा हिला ओट्यावर बसवून मोडी शिकवली होती.

सहलीच्या दिवशी साहेबांनी पिवळा मोडी कागद आमच्यापुढे धरला. मला मागे सारून सुनंदाने घडाघडा वाचला.

"शाब्बास पोरी! कोणी शिकवलं?"

"माझ्या वडिलांनी."

माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

घरी आबा दारातच उभे. "सायबले मनं नाव सांगं ना?"

"हो, तुमचंच नाव सांगितलं," मी म्हणाले.

तेव्हा वाटलं, सुनंदाने मला फसवलं. आज आबांसाठीच जीव तुटतो. त्यांनी आनंदाने सुनंदाच्या घरीही गूळ-शेंगदाणे पाठवले होते.