ओठांपुरतं नर्मदेचं पाणी

मंजू, ये, जवळ बस. नागपूरच्या दवाखान्यात नर्स आहेस, दूर आहेस, तर या कागदातूनच ये. तीन-तीन महिने फोन नाही, अन् केलास तर एवढंच, "मामी, शेवटच्या दुखण्यातल्यांची नर्स व्हायला काय काय लागतं?" असं उभ्याउभ्या विचारतात काय गं?

तुझ्या मामांना दवाखान्यातून घरी पाठवलं, तेव्हा पनागरच्या सिस्टर यायच्या. आल्या की दोन्ही हात एकमेकांवर चोळून ऊन करायच्या, मगच अंगाला लावायच्या. अन् विचारायच्या, "बैठूँ, दादा?" एकदा मामा मुद्दाम नाही म्हणाले. पंधरा मिनिटं बाई उभ्या! शेवटी मामाच हसले, "बसा, हरलो."

तुझाच प्रश्न मी त्यांना विचारला होता. म्हणाल्या, "नर्सिंगची तीन-चार वर्षं, कौन्सिलची नोंदणी, मग वॉर्डात दोन वर्षं घासले. दुखणं हलकं करायचं ट्रेनिंग वेगळं घेतलं. मॉर्फिन कधी, किती, ते तिथे कळलं. गप्प राहणं मात्र घरोघरी शिकले, भाभी."

ते गप्प राहणं मी पाहिलं. एका सकाळी मला वाटलं, आता संपलं. आपली रीत, ग्वारीघाटचं नर्मदेचं पाणी चमच्यानं तोंडात घातलं. त्यांना गिळता येत नव्हतं गं. असा ठसका लागला की चेहरा निळा पडला. तेवढ्यात सिस्टर दारात. धावल्या, कुशीवर वळवलं, तोंड पुसलं. श्वास परतला. दीर ओरडले, "काहून पाजलं, वहिनी?" मी चमचा खाली ठेवला.

सिस्टर रागावल्या नाहीत. कापसाचा बोळा त्याच पाण्यात भिजवला, पिळला, माझ्या हातात दिला. "ओठांवरून फिरवा. तहान ओठांना आहे." मी फिरवला. मामांनी जिभेनं टिपून घेतलं. पुढे चार दिवस ते होते, अन् ते काम माझंच होतं. नाहीतर मीच त्यांना मारलं, असं धरून जगले असते मी.

आता सिस्टरच अंथरुणाला खिळल्यात. मी दर मंगळवारी पनागरला जाते. हात चोळते, विचारते, "बैठूँ?" तर हसतात. परवा तुझं सांगितलं. म्हणाल्या, "वॉर्डात दोन वर्षं झाली ना पोरीची? मग बाकी मी सांगते. बुलाओ उसे. लेकिन जल्दी."

त्या जल्दी म्हणाल्या, मंजू. हे त्यांच्याइतकं कोणाला कळतं? या रविवारीच ये. आधी माझ्याकडे चहा पी, मग दोघी मिळून जाऊ. कापूस मी घेऊन ठेवलाय.