नालबंदाच्या हातची पकड

उदगीरच्या स्टेशनात गाडी लागली तेव्हा अब्बांनी मला जवळ घेतलं नाही. वाकून माझे दोन्ही घोटे दाबून पाहिले, बैल घेणारं गिऱ्हाईक पाहतं तसे. "पाय सांभाळ रे," एवढंच म्हणाले. अम्मीनं फडक्यात दुष्काळी कामावर मिळालेली सुकडी बांधून दिली. दुष्काळाचं साल, घरात दुसरं होतं काय!

आम्ही नालबंद. दोर लावून बैल पाडायचा, पाय धरायचा, खुरांना नाल ठोकायचे. सातवीत शाळा सुटली ती बैलाचा पाय धरायलाच. दुष्काळात लोकांनी बैल विकले आणि आमचे नाल पेटीतच गंजले. मला धरायला उरले कबड्डीतले पाय. मी डाव्या कोपऱ्यात उभा राहायचो. चढाईला आलेल्याचा घोटा हातात आला की सुटत नसे. ते बघून मध्यप्रदेशातल्या एका कोळसा खाणीच्या साहेबांनी संघात घेतलं. नोकरी हंगामी, खेळ टिकला तर कायम.

गाववाल्यांनो, तुम्ही मागं राहिलात, तुम्हाला वाटायचं मी मजेत हाय. दिवसभर खाण, मग मैदान, मग गुडघ्याला गरम विटेचा शेक. उद्या हा पाय उठेल का, ह्याच धाकात वर्षं गेली. जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना हे सांगायला नको.

मग लातूर जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याची स्पर्धा उदगिरातच भरली, बाहेरचे संघही बोलावले, आणि आमचा संघ शेवटच्या सामन्यात जिल्ह्याच्याच संघासमोर आला. साहेब म्हणाले, "शेख, हा सामना काढ, तुझी कायमची ऑर्डर काढतो."

"गावच्याच मानसाला आडवं पाडायलास? लाज हाय का न्हाई!" लोक ओरडत होते. अब्बा पुढच्या रांगेत. कबड्डी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. शेवटची चढाई, गुण बरोबरीत. आला मिलिंद, अडत बाजारातला हमाल. त्याचा घोटा मी धरला. तो रेषेकडं झेपावला आणि पाय त्याच्याच अंगाखाली मुडपला.

"ढील दे, बेटा!" अब्बा ओरडले.

बैलाचा पाय उलटा वळला की ते असंच ओरडायचे, आणि विचार करायच्या आत हात सुटला पाहिजे, हा आमच्या धंद्याचा नियम. माझा हात सुटला. मिलिंदनं रेषा गाठली. आम्ही हरलो.

"माझी नोकरी घालवली तुम्ही, अब्बा!" मी सगळ्यांदेखत बोललो.

"पाय मोडला असता त्याचा. पोती उचलून खातंय ते."

मिलिंद लंगडत आला. "शेखभाई, मला बैलच समजला व्हता काय?" म्हणून हसला, आणि अब्बांच्या पाया पडला. मी नाही पडलो. ते आजही सलतं.

कायम झालो, पण आणखी तीन वर्षांनी. गुडघा गेल्यावर, स्टोअरात. त्या साहेबांचे उपकारच म्हणायचे, हारलेल्याला कोण ठेवतं? अब्बा गेले तेव्हा मी पोचलो माती दिल्यानंतर.

आता क्वार्टरही खाणीचंच. नातवंडं हिंदी बोलतात. कॉलनीत सामने होतात, मला पंच म्हणून बोलावतात. कुणाचा पाय मुडपताना दिसला की शिट्टीच्या आधी तोंडातून निघतं, "ढील दे, बेटा!"

खेळणारे नुसते माझ्याकडं बघतात. उदगिरात आमच्या नालबंदांचे हात सुटले असते.