बाहेरचं सोसत नाही

आमच्या नात्यागोत्यात माझ्याविषयी एक गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: ह्यांना बाहेरचं सोसत नाही. लग्नकार्यात कुणीतरी आठवणीने माझ्यासाठी घरची भाकरी फडक्यात बांधून आणतं. माझ्या बायकोने जन्मभर मला प्रवासातसुद्धा डबा दिला. ती गेली तेव्हा परदेशातून सुनेने फोनवर पहिली काळजी केली ती याचीच, की आता तुमच्या जेवणाचं कसं होणार.

मला बाहेरचं उत्तम सोसतं. कॉलेजची जवळजवळ चारही वर्षं मी दुपारी बाहेर जेवलो आणि फार आनंदाने जेवलो. सोसत नाही हे मी एकदाच बोललो होतो, आईसमोर. ते खोटं होतं. पंचाहत्तरीला आलो आहे, आता ते नीट लिहून ठेवतो.

आमचं गाव मुळशी तालुक्यात, रिह्याच्या खोऱ्यात. मी पुण्याला होस्टेलवर गेलो तेव्हा डबा घरूनच जाईल असं आईने ठरवलं. त्या काळी खेड्यातल्या बऱ्याच मुलांचे डबे एसटीने यायचे. घरच्यांनी फाट्यावर सकाळच्या गाडीत कंडक्टरच्या हवाली करायचा, मुलाने पुण्याच्या स्टँडवर जाऊन उतरवून घ्यायचा आणि रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत लावायचा. आई दिवसभर खाचरात असायची, म्हणून स्वयंपाक करून डबा फाट्यावर नेण्याचं काम माझ्या धाकट्या बहिणीकडे आलं. ती आठवीत होती. फाटा एका अंगाला, शाळा दुसऱ्या. गाडीची आणि शाळेची वेळ एकच. ‘दोन म्हैनं जाऊ दे, मग बघू,’ असं आई म्हणाली.

पहिले काही आठवडे मी डबा नेमाने खाल्ला. तांदळाची भाकरी, पावट्याचं कालवण, कधी सुकटीची चटणी. मग वर्गातल्या दोघा पेठेतल्या मुलांशी दोस्ती झाली आणि त्यांनी मला डेक्कनवरच्या एका हॉटेलात नेलं. टेबलावर काचेखाली खाद्यपदार्थांची यादी होती. मी आयुष्यात पहिल्यांदा मसाला डोसा पाहिला आणि काट्याने त्याच्यावर तुटून पडलो.

‘अरे मुळशी,’ त्यांतला एक म्हणाला, ‘तो काटा आहे, औत नाही. किती जोर लावतोस!’

‘मग हा नांगरून नाही खायचा का?’ मी विचारलं. पलीकडच्या टेबलावरची माणसंसुद्धा हसली. त्या एका वाक्यावर मी त्यांच्यातला झालो. पुढे चार वर्षं माझं नाव मुळशीच राहिलं.

काय काय खाल्लं, सगळं आठवतं. इराण्याकडे एका चहावर दोन दोन तास बसायचो. वेटर येऊन रिकामे कप उचलायचा, टेबल पुसायचा, खुर्ची हलवायचा, तरी आम्ही हलायचो नाही. कॅम्पात जाऊन क्रीमरोल खाल्ला आणि मिशीला लागलेलं क्रीम कुणी सांगितलंच नाही, मी तसाच वर्गात बसलो. लकडी पुलावरून चालत जाऊन नदीकाठी भेळ खायची, तिखट लागलं की एकमेकांना शिव्या द्यायच्या. सकाळी दोन शिकवण्या धरल्या होत्या, त्यातून हे निघायचं. घरी त्या शिकवण्यांचाही पत्ता नव्हता. मजा आली हे मला लपवायचं नाही. त्या टेबलांवर मी जितका मोकळा होतो तितका नंतर कुठेच झालो नाही.

डबा मात्र रोज यायचा. डबा घेऊन हॉटेलात कसं बसणार? आणि सुकटीचा वास झाकणातून बाहेर यायचा, त्याची मला लाज वाटायची. माझ्या खोलीत परभणीकडचा एक मुलगा होता. त्याचं दुपारच्या मेसच्या पैशांचं काही जमत नव्हतं. तो पाणी पिऊन लायब्ररीत जायचा. मी एकदा डबा त्याच्यापुढे सरकवला आणि मग रोजच सरकवू लागलो. तो मांडी घालून, शांतपणे, शेवटच्या शितापर्यंत खायचा. डबा घासून, पुसून, उन्हात पालथा घालायचा.

‘भाकरी कोण करतंय रे तुमच्या घरी?’ एकदा त्याने विचारलं.

‘बहीण.’

‘आम्ही ज्वारी खाणारी माणसं. तांदळाची भाकरी एवढी पातळ अन् तरी मोडत नाही, हे काही मला कळंना. तिला सांग, मीठ एकदम बरोबर असतंय.’

पुढच्या वेळी गावाहून आलो तर त्याचा पहिला प्रश्न, ‘सांगितलंस का?’

‘सांगितलं,’ मी म्हणालो. सांगितलं नव्हतं. तो दर वेळी काहीतरी निरोप द्यायचा आणि मी दर वेळी पोचवला म्हणायचो.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीला मी घरी गेलो. त्याच दिवशी शाळेचे मास्तर आमच्या अंगणात येऊन गेले होते. पोर हुशार आहे, अजूनही वर्गात बसवून घेतो म्हणाले होते. मी हातपाय धुऊन बसल्यावर आईने विचारलं, ‘तितं जेवायची काय सोय हाय का रं? असंल तर पोरगी शाळंत तरी जाईल.’

सकाळी गाडीत बसण्याआधी मी मित्रांबरोबर मिसळ खाल्ली होती. तर्रीचा वास बोटांना अजून येत होता.

‘नाही गं,’ मी म्हणालो. ‘बाहेरचं मला सोसत नाही. पोट बिघडतं.’

आईने मान हलवली. विषय संपला. मास्तर पुन्हा आले नाहीत.

मी तसं का बोललो, याची मी स्वतःला बरीच उत्तरं दिली आहेत. डबा बंद झाला असता तर तो परभणीचा मुलगा उपाशी राहिला असता, हे त्यातलं सगळ्यात देखणं. पण त्या क्षणी तो माझ्या मनातसुद्धा नव्हता. मजा उघडी पडेल आणि आईचं माझ्याविषयीचं मत उतरेल, एवढीच भीती होती. एका वाक्यात सुटलो.

आता मी हिंजवडीत चौदाव्या मजल्यावर एकटा राहतो. मुलाने फ्लॅट घेऊन ठेवला आहे. खाली हॉटेलांची रांग आहे. दारातला माणूस विचारतो, ‘किती जण, सर?’ मी एक बोट दाखवतो. तो मला भिंतीलगतच्या टेबलावर बसवतो आणि समोरची थाळी उचलून नेतो. भोवती ऑफिसातली मुलं असतात, एकमेकांच्या ताटातलं उचलून खातात. मी मसाला डोसा मागवतो. हाताने खातो. कुणी काही म्हणत नाही.

बहीण इथून जवळच, माण गावात दिली होती. तिच्या सासरची शेती आयटी पार्कात गेली; उरलेल्या जागेवर मुलाने मजले चढवले आणि खोल्या भाड्याने दिल्या. रविवारी मी तिच्याकडे जेवायला जातो. भाडेकरू मुली तिच्या ओट्यावर येऊन बसतात, तिला आजी म्हणतात. दारात स्कूटरवाला जेवणाची पिशवी घेऊन आला की ही सुरू होते.

‘काय ते रोज पिशवीतलं खाताव गं? ह्यो माझा भाऊ बगा. चार वर्सं माझ्या डब्यावर ग्रॅज्युएट झाला. एक शीत कंदी माघारी आलं न्हाई.’

‘खरंच का आजोबा?’ मुली विचारतात, आणि मी मान हलवतो. आजवर असंख्य वेळा हलवली असेल.

गेल्या महिन्यात एका रविवारी मुली उठून गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं. हॉटेलं, इराणी, क्रीमरोल, सगळं. ती सुपात तांदूळ निवडत होती. ती निवडतच राहिली.

एक खडा बाजूला टाकून म्हणाली, ‘मग डबा कोन खायाचं?’

मी परभणीच्या मुलाचं सांगितलं.

‘त्याला आवडायचा?’

मी भाकरीचं सांगितलं, मिठाचं सांगितलं. ती म्हणाली, पुन्यांदा सांग. मी पुन्हा सांगितलं. आणखी काय म्हणायचा? मी आठवून आठवून सांगत गेलो. मेथीत लसूण जास्त पडला तो दिवस, पावसात डबा भिजला तरी भाकरी कोरडी होती तो दिवस. तिच्यासाठी दिलेले ते निरोप माझ्याकडे पन्नास वर्षांहून जास्त पडून होते. ती एकेक ऐकून घेत होती आणि तिचा चेहरा उजळत होता. मला बघवत नव्हतं.

मग ती म्हणाली, ‘दिवाळीत आईला तू सोसत न्हाई म्हनलास, तवा मी दाराआड व्हते.’

मला हे माहीत नव्हतं.

‘मला लई बरं वाटलं व्हतं तवा. म्हनलं, दादाला आपल्याच हातचं लागतंय. शाळंचं मग मीच मनावर घ्येतलं न्हाई.’

मी तिची माफी मागितली. ती सूप घेऊन आत गेली. मी थोडा वेळ थांबलो, मग चप्पल घालून निघालो.

पुढच्या रविवारी जावं की नाही, ठरत नव्हतं. गेलो. ओट्यावर मुली होत्याच. त्यांतली एक नांदेडची. बहीण तिला विचारत होती, ‘परभनी तुमच्याकडंच ना? सत्तरीच्या पुढं असंल आता. मास्तर न्हाईतर साहेब झाला असंल. ठावं हाय का कुनी?’

‘आजी, परभणी केवढी आहे! आणि कोण हे?’

‘माझ्या डब्यावर शिकलेला हाय. चार वर्सं. मीठ बरुबर असतंय म्हनायचा.’

‘आणि हे आजोबा? तुमचे भाऊ?’

‘ह्यो? ह्यो हाटेलात जेवायचा.’

मुली खो खो हसल्या. एकीने माझ्याकडे बघून शाबासकीचा अंगठा वर केला. मीही हसलो. बहिणीने नांदेडच्या मुलीला त्याचं नाव लिहून घ्यायला लावलं. ते मला विचारूनच सांगितलं, पण माझ्याकडे न बघता.

मग पानं मांडली. तिने सगळ्यांना वाढलं आणि शेवटी माझ्यासमोर भाकरी धरून उभी राहिली.

‘खातुयास,’ तिने विचारलं, ‘का ठेवू झाकून?’