हवामान खात्याची बोगनवेल

बोगनवेलीची कुंडी थंडीत घरात आणायची म्हणजे दोन माणसांचं काम. हवामान खात्याच्या घरी त्याला चार लागत. दोन उचलायला, एक दार धरायला आणि चौथं खुद्द हवामान खातं, "सावकाश! ती घाबरते!" असं ओरडायला.

हवामान खातं म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे काका. पाणीपुरवठा कचेरीतून मीटर तपासनीस म्हणून निवृत्त झाले ते थर्मामीटरला चिकटले. जिन्यात जो भेटेल त्याला सकाळचा आकडा ऐकवल्याशिवाय खाली उतरू देत नसत. "तीन अंश. आम्ही अनुभवानं सांगतो, शून्याखाली जाणार." बोगनवेलीला शून्य सोसत नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. जे ठाऊक नव्हतं ते अनुभवानं सांगत.

उन्हाळाभर कुंडी बाल्कनीत, पानगळ लागली की आत. आत म्हणजे कुठे? घरात उजेडाची खिडकी एकच, आणि तिथे काकूंचं शिवणयंत्र. मग यंत्र बोळकांडीत, मिणमिणत्या बल्बखाली, आणि खिडकीत हीटरच्या उबेला बाईसाहेब. रोज मगभर कोमट पाणी. पाच हिवाळे असे गेले. बाईसाहेब पडद्याच्या दांडीपर्यंत वाढल्या. फूल म्हणाल तर औषधालाही नाही.

"अहो, मला इथे दोरा दिसत नाही," काकू म्हणायच्या.

"अगं, तुला चष्मा लावता येतो. तिला येतो का?"

काकू दोरा ओला करून पुन्हा सुईचं भोक शोधायला लागायच्या.

सहाव्या हिवाळ्यात काकूंच्या जुन्या गिऱ्हाईक वकीलबाई आल्या आणि त्यांनी कोट टेबलावर आपटला. काळ्या कोटाच्या बाह्या काकूंनी निळ्या दोऱ्यानं दुमडल्या होत्या. "तुमचा हात चांगला, म्हणून इतकी वर्षं येतेय. पण कोर्टात सगळे माझ्या मनगटाकडे बघत होते हो! पुन्हा असं झालं तर कोपऱ्यावरचा शिंपी आहेच." काकूंनी मान खाली घालून बाह्या उसवायला घेतल्या. आज वकीलबाई, उद्या सगळीच गिऱ्हाइकं जाणार, हे सांगायला थर्मामीटर लागत नव्हता.

त्याच आठवड्यात काका आठ दिवसांसाठी भावाकडे गेले. भिंतीवर सूचनांचे दोन कागद चिकटवले, तरी जिना उतरताना "कोमट! कोमट!" चालूच. तो आवाज विरल्यावर काकूंनी खालच्या मावशींना हाक मारली. दोघींनी बाईसाहेबांना खेचत जिन्याच्या मधल्या टप्प्यावर, बंद काचेच्या खिडकीशी नेऊन ठेवलं. तिथे पाणी गोठत नसे, पण ऊबही नव्हती. यंत्र खिडकीत आलं. दोरा पहिल्या झटक्यात सुईत गेला.

काका परतले तेव्हा पायऱ्यांवर पानांचा सडा.

"मारलीस! मारलीस तिला!"

मग तीन आठवडे अबोला. ते काकूंना फार मानवले. नऊ कोट हातावेगळे झाले. मेलेल्या झाडाला कोण हलवणार? काका तिकडून जाताना तोंड फिरवत. मावशी आठवण झाली की पेलाभर पाणी घालत, बस्स.

वसंतात फांद्यांना कोंब फुटले. काकांनी घाईघाईनं कुंडी बाल्कनीत नेली, आणि उन्हाळ्यात बाईसाहेब अशा फुलल्या की पान दिसेना. माणसं रस्त्यात थांबून वर बघू लागली. काका जिन्यात ठाण मांडून उभे.

"आम्ही अनुभवानं सांगतो, हिवाळ्यात तिला गारठ्यात आणि तहानलेली ठेवावी लागते. लाड केले की संपलं! मुद्दाम जिन्यात ठेवली होती. काळजावर दगड ठेवून!"

मावशींनी तोंड उघडलं. काकूंनी कोपर मारलं.

"खरंच हो, यांच्याइतकं कोणाला कळतंय," काकू म्हणाल्या. "अहो, पहिल्या मजल्यावर सांगितलंत का? आणि वकीलबाईंना? त्यांना नीट समजावून सांगा."

काकांनी वकीलबाईंना दोनदा समजावलं.

पुन्हा थंडी आली. तीन अंश. कुंडी उचलायला दोघं हजर. काका उंबऱ्यात उभे राहून खिडकीकडे बघत राहिले. यंत्र खडखडत होतं.

"अगं, मी काय म्हणतो..."

"अहो, तिला जिन्यातच ठेवायची ना? सगळ्या इमारतीला तुम्हीच सांगितलंत," काकूंनी मान वर न करता म्हटलं. "आणि दार लावून घ्या, गारठा येतोय."

काकांनी दार लावून घेतलं. बाहेरून.