झाकण बांधलेलं, साहेब

आमचं वर्कशॉप पहाडात होतं. जागेचं नाव सांगत नाही, सांगायची सवयच नाही. मी लष्कराच्या ईएमईचा, म्हणजे दुरुस्ती शाखेचा सुभेदार. बिघडलेल्या गाड्या दुरुस्त करणं आणि अडकलेल्या ओढून काढणं हे माझं काम. बालाजी हा ट्रान्सपोर्टमधला हवालदार, लातूरकडचा. सकाळी ताफा वर जायचा, दुपारी खाली उतरायचा आणि संध्याकाळी प्रत्येक ड्रायव्हर माझ्यापुढं उभा राहून रिपोर्ट द्यायचा. बालाजीचा रिपोर्ट कधी बदलला नाही.

"गाडी ओके. टाकी फुल्ल. झाकण बांधलेलं, साहेब."

झाकण बांधायचं खूळ त्याचंच. बर्फात टाकीचं झाकण हातमोज्यातून निसटलं की गेलंच म्हणून समजा. म्हणून तो ते दोरीनं बांधून ठेवायचा. वर नियम असा, की ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. मी चिडवायचो, "बालाजी, उद्या बायकोलाही बांधून ठेवशील." तो म्हणायचा, "तिनंच मला बांधलंय, साहेब."

त्या दिवशी ताफा उतरत होता. बालाजीची गाडी सगळ्यात मागं. मी रेडिओवर होतो.

"बालाजी, पोझिशन?"

"वरच्या वळणावर आहे साहेब. गाडी ओके. ओव्हर."

"समोर दगड येतायत. थांब. ओव्हर."

"थांबलो. ओव्हर."

दरड पुढं नाही, त्याच्यावरच आली. मी रिकव्हरीची गाडी घेऊन गेलो. गाडी काढली, तिच्यात बालाजी होता. केबिन चेपलं होतं, दारं उरली नव्हती. टाकीचं झाकण मात्र दोरीला धरून जागच्या जागी होतं. त्या झाकणाकडं बघून मी रडलो. पोरांसमोर रडलो, त्याची लाज वाटत नाही.

हे सगळं अशासाठी सांगितलं, की पुढं माझी मती गुंग का झाली ते कळावं.

पेन्शनवर आल्यावर मी सांगवीत राहायला आलो. घरी बसवेना. महाळुंग्यात नानांचं गॅरेज आहे, तिथं जाऊ लागलो. नाना तिथलेच जुने. शेतावर कंपन्या उभ्या राहिल्या, उरलेल्या तुकड्यावर यांनी गॅरेज टाकलं. बालाजीची बायको संगीताताई काळेवाडीत राहते आणि महाळुंग्यातल्याच एका कंपनीत तपासणीच्या कामाला आहे. बालाजीनं शेवटच्या सुट्टीत पेट्रोलची गाडी घेतली होती आणि तिला चालवायला शिकवली होती. "पुढच्या सुट्टीला मीच तुम्हाला स्टेशनवर घ्यायला येईन," असं ती त्याला म्हणाली होती. तो आलाच नाही. तेव्हापासून गाडी ती एकटी चालवते.

एक दिवस ती गॅरेजात आली. डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा.

"गाडी तर चांगली पळायलीय, साहेब. मग हे काय पेटलंय?"

नानांनी स्कॅनर लावला. पेट्रोलच्या वाफेच्या लाइनीत गळती, असं त्यानं सांगितलं. त्याचं असं आहे: टाकीत पेट्रोलची वाफ होते. ती हवेत जाऊ नये म्हणून कोळशाच्या डब्यात धरून ठेवतात आणि नंतर इंजिनात जाळतात. या वाटेत कुठं बारीकशी फट पडली, तरी या गाडीचा कॉम्प्युटर दिवा लावतो. गाडी लगेच बंद पडत नाही. पण दिवा काही पाठ सोडत नाही.

नानांकडं धुराचं यंत्र आहे. टाकीचं झाकण काढायचं, तोंडावर अडॅप्टर बसवायचा, आत धूर सोडायचा. जिथून धूर निघेल तिथं फट. आम्ही धूर सोडला. कुठूनच निघाला नाही.

"चायला, सगळं टाइट हाय की," नाना म्हणाले.

दिवा घालवला, गाडी दिली. आठवडाही गेला नाही, दिवा परत हजर. वाफेचा व्हॉल्व्ह बदलला. पुन्हा दिवा. नळ्या बदलल्या. गॅरेजातून जाताना गाडी शहाणी, काळेवाडीला गेली की वेडी. बरं, टाकी गच्च भरलेली असली की दिवा येत नाही, जरा उतरली की येतो. टाकी गच्च असताना कॉम्प्युटर ही तपासणी करतच नाही हे मला माहीत होतं. पण फट कुठंय? उभा जन्म गाड्यांत गेला आणि एका चिमुकल्या दिव्यानं माझं भुस्काट पाडलं.

तिकडं ताईच्या दिरांनी निकाल लावला होता. "वहिनी, ह्या गाडीला आता लागीर झालंय. दादाच्या पुण्यतिथीला गावाकडं येताना दिवा लागला तर तिथंच गिऱ्हाईक उभं करतो." माणूस वाईट नाही. एकटी बाई हायवेवर अडकेल, ही त्यांची भीती. ताई मला म्हणाली, "साहेब, गाडी गेली तर मी परत कुणाच्या तरी मागं बसून जाणार. मला ते नको."

मी म्हणालो, "बघतो." मला काही म्हणजे काही सुचत नव्हतं.

शेवटी मी तिच्या गाडीत बसलो. म्हटलं, दिवसभर गाडी काय काय करते ते बघू. चाकण रोडला पंपावर तिनं पेट्रोल घेतलं. पंपावरच्या माणसानं झाकण घाईत फिरवलं, त्यावरची पत्र्याची झडप लावली, पुढची गाडी घेतली. मी आरशातून बघत होतो.

त्या झाकणाला दोरी होती. झाकणाचा प्लास्टिकचा पट्टा उन्हानं तुटला, तेव्हा ताईनं बालाजीच्या फौजेतल्या काळ्या पेटीतून त्याच्या वर्दीचं लॅनयार्ड, म्हणजे खांद्यावरची विणलेली दोरी, काढलं आणि त्यानं झाकण झडपेला बांधलं. त्याच्याच पद्धतीनं. मी ते पहिल्या दिवशीच पाहिलं होतं. नानांनीही. पण बालाजीची वस्तू! आम्ही दोघं प्रत्येक वेळी ती दोरी अदबीनं बाजूला धरायचो, झाकण काढायचो आणि तशीच बाजूला धरून झाकण लावायचो. तिच्यावर संशय घ्यायचं आमच्या मनातच आलं नाही.

"ताई, गाडी नानांकडं घ्या. झाकणाला हात लावू नका."

या वेळी धूर मी उलट्या बाजूनं सोडला. इंजिनाकडच्या नळीतून, झाकण पंपावर लावलं होतं तसंच ठेवून. झडप उघडली. झाकणाच्या रबरी रिंगखाली दोरी दबली होती, आणि तिच्या कडेनं पांढरा धूर सावकाश वर येत होता.

"अगं आई गं," नाना म्हणाले.

हे ताईला कसं सांगायचं, मला कळेना. ती शेजारीच उभी होती. तिनं पाहिलंच.

"म्हणजे ह्यांच्याच दोरीनं?"

"दोरीचा दोष नाही, ताई. झाकण नीट बसत नाहीये, एवढंच."

तिनं दोरीच्या गाठीकडं बोट केलं. मग म्हणाली, "तुम्ही सोडा, साहेब. माझा हात लागंना."

माझा हात पुढं गेला आणि थांबला. "नाही. ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं. बालाजीचा नियम आहे."

तिनं गाठ सोडली. घट्ट होती, नखं लागली तिची. लॅनयार्डला पेट्रोलचा वास येत होता. तिनं ते तसंच पदरात गुंडाळलं आणि गॅरेजातल्या पाण्याच्या पिंपावर टेकून रडली. नानांनी पंखा तिच्याकडं वळवला. झाकण मी नवीन आणून लावलं, पट्ट्यासकट.

"आता टाकी जरा उतरू द्या," मी तिला सांगितलं. तिला ते रुचलं नाही, पण तिनं ऐकलं. टाकी अर्ध्यावर आली. दिवा नाही. मी रोज फोन करून विचारायचो, आणि ती रोज सांगायची, "नाही, साहेब."

पुण्यतिथीला आम्ही गावाकडं गेलो. गाडी तिनं चालवली, मी डाव्या बाजूला बसलो. माझी नजर सारखी डॅशबोर्डवर. ती हसली, "साहेब, रस्त्याकडं बघा की." दीर वेशीपाशीच उभे होते. त्यांनी खिडकीतून आत वाकून डॅशबोर्ड पाहिला. दिवा नव्हता. "बरं झालं, वहिनी," म्हणाले, आणि तिच्या हातातली पिशवी घेतली.

तिनं आधी पंपावर जाऊन टाकी भरून आणली. शाळेपुढं बालाजीच्या स्मारकाचा चौथरा आहे. नाव, रँक, एवढंच. हार झाला, लोक पांगले. ताई पुढं गेली. पाय जुळवून ताठ उभी राहिली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. घरी सुट्टीत तो तिला हसवायला रिपोर्टसकट करून दाखवायचा, हे तिनं नंतर सांगितलं.

"गाडी ओके," ती म्हणाली. "टाकी फुल्ल."

मग तिनं मान वर केली.

"झाकण सोडलंय. मीच बांधलं होतं, मीच सोडलं."

संध्याकाळचा रिपोर्ट घेणं माझं काम होतं. मी कॅप नीट केली, सॅल्यूट केला आणि म्हणालो, "ठीक आहे, बालाजी. रिपोर्ट मिळाला."